आहार-प्रश्नोत्तरे : पोळी-भात सोडायचा का?

‘लो-कार्ब’ म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली आहेत की या अंकातील संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळून केवळ गाव ठेवले आहे.

प्रश्न (नाशिक) : माझे वय ४६ वर्षे, उंची ५ फूट ७ इंच आणि वजन ८८ किलो आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.२ आल्यामुळे मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले; औषध अद्याप सुरू केलेले नाही. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बहुधा बटाट्याची सुकी भाजी, संध्याकाळी चार बिस्किटे, रात्री दोन पोळ्या आणि वरण-भात, शिवाय दिवसभरात साखरेचे तीन चहा असा माझा आहार आहे. कार्यालयातील एका सहकाऱ्याने पोळी, भात, डाळी आणि फळे पूर्ण बंद करून पंधरवड्यात चार किलो वजन उतरवले. मीही तसेच करावे का?

उत्तर : सहकाऱ्याचे वजन चार किलोंनी उतरले असेल यात शंका नाही, परंतु ते चारही किलो चरबीचे नव्हेत. आपले यकृत आणि स्नायू मिळून सुमारे पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी शरीरात धरून ठेवले जाते. कर्बोदके एकाएकी बंद केली की हा साठा थोड्या दिवसांत बराचसा रिता होतो, इन्शुलिनची पातळी उतरल्याने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकू लागतात आणि वजनकाटा झपाट्याने खाली येतो. लग्नसराईत दोन-चार पंगती झाल्या की तेवढे पाणी तितक्याच झपाट्याने परत येते.

पण एवढ्यावरून ही पद्धत खोटी ठरत नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधी-व्यवस्थापकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून वजन कसे घटवले, याची पुस्तिका १८६३ साली छापली होती. तेव्हापासून हा विचार दर पिढीत नव्या नावाने परत येत राहिला आहे. त्याची चांगली कसोटी अलीकडच्या काळात लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६०९ प्रौढांपैकी निम्म्यांना कमी स्निग्धांशाचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला होता. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी घटले, म्हणजे दोन्हींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्याची सूचना मात्र दोन्ही गटांना सारखीच होती. मधुमेहींमध्ये कमी कर्बोदकांच्या आहाराने पहिल्या सहा महिन्यांत साखर इतर आहारांपेक्षा अधिक चांगली उतरते, परंतु वर्ष सरताना ही आघाडी कमी होते आणि त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे लोकांना तो आहार टिकवता येत नाही.

आता आपल्याच ताटाकडे पाहू, कारण आपण तपशील नेमका दिला आहे. साठ ग्रॅम पोहे, तीस ग्रॅम कणकेची एक याप्रमाणे पाच पोळ्या, पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, बटाटा, बिस्किटे, दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा आणि वीस ग्रॅम तुरीचे पातळ वरण असे धरले, तर दिवसाची कर्बोदके २६० ग्रॅमच्या आसपास भरतात. प्रथिने मात्र जेमतेम ३७ ग्रॅम होतात. आपल्या उंचीच्या माणसाला ती किमान ५५ ग्रॅम तरी मिळायला हवीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २००० उष्मांकांच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस-मासे आणि ४०० ग्रॅम भाज्या असे प्रमाण दिले आहे. त्याच्याशी ताडून पाहिल्यास आपले धान्य मर्यादेच्या किंचितच पुढे आहे, पण डाळ चौथ्या हिश्श्यावर आली आहे, आणि बटाटा वगळला तर भाजी जवळपास नाहीच. दोष पोळीत असण्यापेक्षा पोळीच्या शेजारी रिकाम्या राहिलेल्या जागेत अधिक आहे. सहकाऱ्याच्या पद्धतीत डाळीही बंद होतात, म्हणजे जे आधीच अपुरे आहे त्यालाच कात्री लागते, आणि शाकाहारी घरात तर त्याची भरपाई करणे फार अवघड होते.

आपल्यासाठी मी सुचवेन ते असे. चहातील साखर आणि बिस्किटे पूर्ण थांबवावीत. बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे चालतील. पोहे निम्मे करून त्याबरोबर वाटीभर मोडाची मटकी किंवा दोन अंडी घ्यावीत. डब्यात दोन पोळ्या, एक वाटी घट्ट उसळ आणि बटाट्याऐवजी दोडका, घेवडा, कोबी, मेथी यांपैकी एखादी भाजी असावी. रात्री भात आणि पोळी यांपैकी एकच ठेवून वरण चमचा उभा राहील इतके घट्ट करावे, आणि जेवणाची सुरुवात काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीने व वरणाने करून पोळी नंतर घ्यावी, कारण या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. या बदलांनी कर्बोदके १८० ग्रॅमच्या आसपास येतात आणि प्रथिने पन्नाशीच्या पुढे जातात. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली तरच आहाराला ‘लो-कार्ब’ म्हणतात, तेव्हा याला ते नाव मिळणार नाही. पण उंबरठ्यावरून मागे फिरण्यासाठी बहुतेकांना त्याच्याही खाली जावे लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासावे.

प्रश्न (सोलापूर) : साखर वाढल्यापासून पोळी सोडून मी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाते. ज्वारीत कार्ब नसतात असे ऐकले होते, तरीही साखर जराही उतरली नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर : ज्वारी हे धान्य आहे आणि कोणत्याही धान्याचा मोठा भाग पिष्टाचाच असतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या कोंड्यासकट दळलेल्या कणकेत सुमारे ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८. तंतुमय भागाच्या बाबतीतही न चाळलेली कणीक आणि ज्वारी यांच्यात फारसे अंतर नाही. दोन्हींत तो शंभर ग्रॅममागे दहा ते अकरा ग्रॅम असतो. खरा फरक आकाराचा आहे. घरची भाकरी पन्नास-साठ ग्रॅम पिठाची होते, म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या बरोबरीची ठरते. तीन पोळ्यांच्या जागी आपण दोन भाकऱ्या घेत असाल, तर पीठ कमी न होता उलट थोडे वाढले असण्याचा संभव आहे.

भाकरी सोडा असे मी म्हणणार नाही, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या मुलखात तर मुळीच नाही. भाकरी सावकाश चावून खावी लागते, लवकर पोट भरते आणि तिच्याबरोबर सहसा पिठले, उसळ किंवा पालेभाजी येते, साखरआंबा येत नाही. एका वेळी एकच भाकरी, तिच्यासोबत वाटीभर उसळ किंवा बेसन कमी आणि भाजी जास्त असलेला झुणका, भरपूर पालेभाजी आणि ताक असे जेवण चार आठवडे करून पाहावे. शेंगदाण्याची चटणी चालेल, पण चमचाभर. तिच्यावर ओतले जाणारे तेल आपण मोजत नाही, उष्मांक मात्र मोजले जातात. नाचणी आणि बाजरीलाही हेच लागू आहे. विशेषतः नाचणीचे सत्व दुधात शिजवून, गूळ घालून सकाळी घेणाऱ्या मधुमेहींनी ते आरोग्यपेय आहे या समजातून बाहेर यावे.

प्रश्न (पुणे) : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. मधुमेहासाठी ते मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन घेतात, तसेच रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मोबाइलवर मिळालेल्या योजनेनुसार गेल्या आठवड्यापासून त्यांनी कीटो आहार (कर्बोदके जवळपास बंद, भर स्निग्ध पदार्थांवर) सुरू केला. साखर ११० पर्यंत आल्याने ते खूश आहेत, पण त्यांना सारखी मळमळ होते आणि थकवा आहे. हा शरीर ‘सवय करून घेत असल्याचा’ परिणाम समजावा का?

उत्तर : तसे समजू नये. हे पत्र अंक निघेपर्यंत थांबवण्यासारखे नव्हते, म्हणून ‘आजच डॉक्टरांकडे जा’ असे आपणास स्वतंत्रपणे कळवले आहे. इतर वाचकांसाठी कारण येथे सविस्तर देत आहे, कारण या गोळ्या आता घरोघरी आहेत.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात पोळी गेलेली असो वा नसो. कर्बोदके अचानक घटवून गोळीचा डोस तोच ठेवला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इन्शुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि त्या कुळातील इतर औषधांचा धोका निराळा आणि अधिक फसवा आहे. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात. अशा वेळी आहारातील कर्बोदकेही फार कमी झाली, तर शरीर चरबी जाळून कीटोन तयार करू लागते आणि काही रुग्णांमध्ये ते इतके साठतात की रक्त आम्लधर्मी होते. या अवस्थेला कीटोअॅसिडोसिस म्हणतात आणि तिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. एरवी तिच्यासोबत साखर तीनशे-चारशेच्या घरात जाते, म्हणून ती लवकर ओळखू येते; या औषधांवर असताना साखर जवळपास ठीक दिसत असतानाही ती उद्भवू शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागणे आणि विलक्षण थकवा ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी ग्लुकोमीटरवरील ११० हा आकडा काहीच सिद्ध करत नाही. रक्तातील किंवा लघवीतील कीटोनची तपासणी करावी लागते.

रक्तदाबाच्या गोळीचेही लक्षात ठेवावे. कर्बोदके घटल्यावर शरीरातील मीठ-पाणी उतरते आणि पूर्वीचाच डोस जास्त ठरून उठताना चक्कर येऊ शकते. मधुमेहींनी कर्बोदके कमी करू नयेत असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेकांच्या गोळ्या त्यामुळे कमीही होतात. पण औषधांची फेररचना आधी आणि ताटाची नंतर, हा क्रम मोडता कामा नये. आहार-योजना विकणाऱ्या मंडळींपैकी किती जण ग्राहकाच्या औषधांची यादी मागतात, हे योजना घेण्यापूर्वी विचारून पाहावे.

प्रश्न (कोल्हापूर) : माझी उंची ५ फूट ४ इंच आणि वजन फक्त ५० किलो आहे. वय ५२. गेल्या चार महिन्यांत वजन आपोआप पाच-सहा किलोंनी घटले आणि तपासणीत मधुमेह निघाला. मी लठ्ठ नसताना हे कसे झाले? नातेवाईक म्हणतात तसा भात-भाकरी बंद करू का?

उत्तर : बंद करू नये. प्रयत्न न करता वजन उतरत असताना आहारातील एक मोठा घटक काढून टाकणे म्हणजे स्नायूंची आणखी झीज ओढवून घेणे आहे. अशा वेळी स्वादुपिंड पुरेसे इन्शुलिन तयार करते आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर सी-पेप्टाइड आणि आवश्यक वाटल्यास प्रतिपिंडांची तपासणी सुचवतात. इन्शुलिनच कमी पडत असेल तर उपाय औषधाचा आहे, ताटाचा नव्हे. वजन असे घटण्याची अन्य कारणेही डॉक्टरांना तपासावी लागतील.

बारीक माणसालाही मधुमेह कसा होतो, या आपल्या प्रश्नावर पुण्यातच मोलाचे काम झालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे एकत्रित छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. आपल्याकडील अनेकांचे हातपाय काटकुळे असतात, स्नायू थोडे असतात आणि चरबी पोटात दडलेली असते. वजनकाट्याला ती दिसत नाही. म्हणून आपल्यासारख्यांनी वजनापेक्षा स्नायूंची चिंता करावी. निदान नीट झाल्यावर दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दूध-दही, आणि मांसाहार चालत असेल तर अंडी, मासे किंवा चिकन निश्चित असावे, भात-भाकरी बेताची पण नियमित असावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस बैठका किंवा हलके वजन उचलण्याचा व्यायाम करावा. पांढरा रस्सा वाटीने घ्यावा, त्यातील मटणाचे तुकडे आधी संपवावेत.

प्रश्न (नागपूर) : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवरील रील पाहून पोळी-भात सोडला आहे. ती तशी जाड नाही. तीन महिन्यांत तिची पाळी अनियमित झाली. काय करावे?

उत्तर : तिला बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि जेवणाच्या ताटावर तिच्या वजनाविषयी घरात कोणीही, आजीनेही, बोलू नये. कीटो आहार मुळात १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरील उपचार म्हणून सुचवला होता, आणि मुलांमध्ये तो आजही वैद्यकीय पथकाच्या देखरेखीखालीच दिला जातो. वाढत्या वयात अन्न कमी पडले की शरीर प्रथम पाळीवर काटकसर करते. ती चोरून खाते, खाल्ल्यावर उलटी करते किंवा कुटुंबाबरोबर जेवायला टाळते असे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यास उशीर करू नये.

प्रश्न (जळगाव) : आम्ही घरात एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार पाळतो. बाकीचे दिवस मी बेताने खातो, पण उपवासाच्या दिवशी साखर हमखास वाढते. उपवास सोडायचा नाही. मग खायचे काय?

उत्तर : उपवासाला साखर वाढते, कारण धान्य ‘बंद’ करून आपण त्याहून शुद्ध पिष्ट खातो. साबुदाणा हा कंदाचा निव्वळ स्टार्च असतो. शंभर ग्रॅममध्ये जवळपास ८८ ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने नावापुरती. त्यात बटाटा पडतो, बाजूला बटाट्याचाच पापड येतो आणि शेवटी केळ्याचे शिकरण. खिचडीतील एकमेव जमेची बाजू म्हणजे दाण्याचा कूट, आणि साखर चढू नये म्हणून लोक नेमका तोच कमी करतात.

एका वेळी वरीचा (भगरीचा) छोटा वाटीभर भात आणि त्यावर दाण्याची दाट आमटी, काकडीची कोशिंबीर दही घालून, लाल भोपळ्याची भाजी आणि ताक असे जेवण साबुदाण्यापेक्षा पुष्कळ बरे. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ हाही चांगला पर्याय आहे; राजगिऱ्यात प्रथिने गव्हाहून अधिक असतात. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळाचा असतो हे विसरू नये. भगरीचे सुटे, जुने पीठ घेणे टाळावे, कारण बुरशी लागलेल्या भगरीमुळे उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात. भगर अख्खी आणून, धुऊन, घरीच दळावी. मधुमेहाची गोळी घेत असाल तर निर्जळ किंवा एकभुक्त उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न (सिंधुदुर्ग) : आमच्याकडे दोन्ही वेळा भात आणि माशांचे कालवण असते. पोळीची सवय नाही. साखर थोडी वाढल्याने भात बंद करण्याचा सल्ला मिळाला आहे. उकडा तांदूळ चालेल का?

उत्तर : भाताला पोळी हा पर्याय नव्हे, दोन्ही धान्येच आहेत. आपल्या ताटात मासळी आहे, म्हणजे प्रथिनांची अर्धी अडचण मिटलेली आहे. तेव्हा मासळी वाढवावी, भात कमी करावा आणि जेवणात भाजी आणावी, जी किनारपट्टीच्या जेवणात बहुधा मागे पडते. तांबडी भाजी, टाकळा, शेवग्याचा पाला किंवा वालीच्या शेंगा वाटीभर तरी असाव्यात. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी उत्तम, पण रवा लावून भरपूर तेलात तळण्यापेक्षा तिचे तिखले किंवा कालवण बरे.

उकड्या तांदळामुळे साखर सहसा पांढऱ्या सुरई (न उकडलेल्या तांदळाच्या) भातापेक्षा थोडी सावकाश चढते, मात्र त्याच्या भरवशावर दोन वाट्या जास्त घेता येत नाहीत. पन्नास ग्रॅम कच्चा तांदूळ शिजवून त्याची वाटी एकदा ठरवून घ्यावी आणि एका जेवणाला तेवढाच भात वाढावा. घरी ग्लुकोमीटर असल्यास एके दिवशी उकड्याचा आणि दुसऱ्या दिवशी सुरईचा तितकाच भात, कालवण तेच ठेवून, घ्यावा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी. आपल्याला कोणता तांदूळ मानवतो हे त्या दोन आकड्यांवरून बऱ्यापैकी कळेल, आणि खात्रीसाठी तोच प्रयोग आणखी एकदा करावा.